मुलांची चड्डी कमरेवर टिकते कशी? करदोटा, नाडी, गॅलिस आणि इलॅस्टिक

पाच वर्षांच्या मुलासाठी मागवलेली पँट घरी येते. पुढे छान सुरगाठ मारलेली नाडी दिसते. सोडायला जावं तर ती सुटत नाही, कारण ती नुसती पुढच्या पट्टीवर शिवून टाकलेली असते. पँट धरून ठेवायचं काम आतलं इलॅस्टिक करत असतं. मग ही खोटी नाडी लावलीच कशाला, असा प्रश्न पालकांना पडतो. आजी-आजोबांना तो जास्तच पडतो, कारण त्यांच्या लहानपणी नाडीशिवाय चड्डी नव्हती.

याचं उत्तर थोडं कायद्यात आहे आणि बरंचसं मुलाच्या शरीरात. मोठ्या माणसाचा कपडा ज्या आधारावर कमरेला राहतो, तो आधार लहान मुलाकडे नसतो. म्हणून घरातल्या बायकांनी आणि शिंप्यांनी वेळोवेळी वेगवेगळ्या सोयी शोधल्या. त्यातल्या काही आजच्या इलॅस्टिकपेक्षा मुलाच्या अंगाला जास्त मानवणाऱ्या होत्या.

## लहान मुलाला कंबर नसते

मोठ्या माणसाची कंबर आत गेलेली असते आणि तिच्याखाली नितंब रुंद होतात. कपडा खाली सरकायला लागला की तिथे अडतो. घागरीच्या गळ्याला बांधलेली दोरी खाली येत नाही, कारण खाली घागरीचा खांदा असतो. तीच दोरी सरळसोट डब्याला बांधली तर जरा हिसका बसला की घसरते.

तीन वर्षांचं मूल या सरळ डब्यासारखं असतं. शिंप्याच्या टेपने मोजलं तर कंबर साधारण २१ इंच आणि सीट, म्हणजे नितंबांचा सर्वांत मोठा घेर, २२ इंच भरतो. फरक जेमतेम एका इंचाचा. त्यात या वयात पोटाचे स्नायू पुरते घट्ट झालेले नसतात आणि पाठीला आतल्या बाजूने बाक असतो, त्यामुळे पोट पुढे येतं. जेवणानंतर ते आणखी फुगतं. चड्डीची पट्टी पोटाच्या फुगवट्यावर बसली की पोट तिला खाली ढकलतं, आणि खाली अडवायला काहीच नसतं.

दहाव्या वर्षापर्यंत कंबर २४ आणि सीट २९ इंचांच्या आसपास जाते, म्हणजे पाच इंचांचा आधार तयार होतो. तेव्हा पट्टा कामाला येतो, त्याआधी नाही. मुलांची चड्डी कशी टिकवायची हा सगळा खटाटोप मुख्यतः दोन ते सात या वयाचा आहे.

## घट्ट आवळलं की झालं ना?

बहुतेकांचा पहिला उपाय हाच असतो. पण आवळण्याला मर्यादा आहे, आणि ती कुठे येते हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

कमरेभोवती पट्टी ताणून बसवली की ती आत दाबते. त्या दाबामुळे कापड आणि अंग यांच्यात घर्षण होतं आणि ते घर्षण चड्डीचं वजन पेलतं. हे घर्षण पट्टीच्या ताणावर आणि कापडाच्या खरखरीतपणावर ठरतं. पट्टीच्या रुंदीवर ते ठरत नाही. अर्धा इंच रुंद नाडी आणि दीड इंच रुंद पट्टा सारख्याच ताणाने आवळले, तर चड्डी दोन्हींवर सारखीच टिकते. फरक पडतो तो अंगाला: नाडीखाली दर चौरस इंचावर पडणारा दाब पट्ट्याच्या तिप्पट असतो. बारीक नाडीचे लाल वळ उठतात आणि रुंद पट्टीचे उठत नाहीत, ते यामुळे.

म्हणून रुंद पट्टी घ्यायची ती मुलाला टोचू नये म्हणून. चड्डी पक्की राहावी यासाठी ताण वाढवावा लागतो, आणि ताण वाढवला की मूल कळवळतं. यातून सुटायचे दोनच मार्ग आहेत. एक तर चड्डी हलकी ठेवायची आणि बेताचा ताण द्यायचा, नाहीतर वजन कमरेवर न टाकता दुसरीकडे टांगायचं.

## करदोटा: अंगावरचीच दोरी

तान्ह्या आणि रांगत्या मुलांसाठी महाराष्ट्रात जी सोय होती तिच्यात चड्डीच नव्हती. कमरेला करदोटा, म्हणजे काळ्या दोऱ्याचा गोफ, ऐपत असेल तिथे चांदीचा. कुठे त्याला करगोटा म्हणतात. त्याच्याकडे आज फक्त दृष्ट लागू नये म्हणून बांधायची वस्तू म्हणून पाहिलं जातं, पण लंगोटीला धरायचं कामही तोच करायचा.

कापडाची एक लांब पट्टी, साधारण वीतभर रुंद, दोन पायांमधून घ्यायची. पुढचं टोक करदोट्याच्या आतून वर काढून बाहेर सोडायचं, मागचं तसंच. झालं. यात आवळायचं काही नाही. करदोटा सैल असतो, कमरेवरून घसरून नितंबांच्या वरच्या कडेवर टेकतो, आणि लंगोटी इतकी हलकी की तेवढा आधार पुरतो. पट्टी ओली झाली की ओढून काढायची आणि दुसरी खोचायची; करदोटा जागचा हलत नाही. दिवसातून दहा वेळा बदलायच्या कपड्याला याहून सुटसुटीत रचना सापडणं कठीण आहे.

दोष एकच, पण गंभीर. मूल वाढतं आणि दोरा वाढत नाही. बाळसं धरलेल्या मुलाच्या कमरेत करदोटा रुततो, घडीत घाम साचतो आणि कातडी सोलवटते. दोरा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकायला हवीत. सरकत नसतील तर त्याच दिवशी तो सोडून नवा बांधायचा. करदोटा आजही बांधला जातो, त्यामुळे ही तपासणी आजच्या आईबापांनाही लागू आहे.

## नाडीची चड्डी आणि तिचा नेफा

मूल चालायला लागलं की चड्डी आली. मांजरपाटाची किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाची, गुडघ्याच्या वर थांबणारी, वर नेफा आणि नेफ्यात नाडी. चड्डीचा वरचा काठ दुमडून शिवला की जी पोकळ नळी तयार होते तो नेफा. मुलींच्या परकरालाही हीच रचना.

नाडीच्या चड्डीचं गणित नीट जमलं तर ती दोन-तीन वर्षं चालते. २१ कंबर आणि २२ सीट असलेल्या मुलासाठी नेफ्याचा घेर २८ इंच ठेवतात: चड्डी सीटवरून सहज चढली पाहिजे आणि पुढच्या वर्षीही चढली पाहिजे. दुमड करताना पाव इंच कापड आत मोडून मग एक इंचाची दुसरी घडी घालतात. पुढच्या मध्यावर नाडी बाहेर काढायला अर्ध्या इंचाची दोन उभी काजं करतात, त्यांच्यात पाऊण इंच अंतर. काजांच्या मागे कापडाचा चौकोनी तुकडा लावणं आवश्यक आहे, कारण नाडीचा सगळा ओढा तिथेच येतो. तुकडा नसेल तर काज हळूहळू फाटत जातं.

नाडीची लांबी ठरवताना लोक फक्त कंबर मोजतात आणि तिथे चुकतात. कमरेला २१ आणि बांधायला दोन्हीकडे ८-८ असे ३७ इंच धरले, तर चड्डी काढताना नेफा पूर्ण २८ इंच उघडला तरी दोन्ही बाजूंना साडेचार इंच टोक बाहेर राहतं. नाडी ३० इंचांची असेल तर चड्डी उतरवताना टोक नेफ्यात गडप होतं. नेफ्याच्या पूर्ण घेरापेक्षा निदान ८ इंच जास्त, हे माप पक्कं धरावं.

तरीही नाडी निघतेच, कारण मूल एकच टोक धरून ओढतं. त्यावर एक उपाय आहे जो पूर्वी बऱ्याच घरांत करत आणि आज कारखान्यातही करतात: नाडी ओवून झाली की दोन्ही टोकं सारखी करायची आणि मागच्या मध्यावर नेफ्यासकट नाडीवर चार-पाच आडवे टाके घालायचे. मग कोणतंही टोक कितीही ओढलं तरी नाडी जागची हलत नाही. टोकांना गाठी मारूनही थोडंफार काम होतं, पण जोरात ओढल्यावर गाठ काजातून आत शिरते आणि मग काढणं जास्त जिकिरीचं होतं.

ओवण्याचं तंत्रही सांगण्यासारखं आहे. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती नेफ्यात सरकवायची. पिन नसेल तर दांड्याला भोक असलेला जुना टूथब्रश चालतो. भोकात नाडी अडकवायची आणि दांडा पुढे करायचा. पिन पुढे ढकलताना नेफ्याचं कापड आधी पिनेवर गोळा करायचं, मग पिन एका बोटाने धरून कापड मागे सारायचं. पिन कडेच्या शिवणीपाशी हमखास अडते. तिथे आतलं जादा कापड मोकळं असतं आणि पिन त्याच्याखाली शिरते. नेफा घालण्याआधी ते दोन्ही बाजूंना उलगडून वरून एक टीप मारली की ही अडचण कायमची मिटते.

## गाठ सुटते का, आणि कधी सुटतच का नाही?

नाडीच्या चड्डीची खरी परीक्षा गाठीवर होते. सुरगाठ आपोआप सुटली तर चड्डी खाली, आणि निरगाठ बसली तर ऐन घाईच्या वेळी चड्डी ओली. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सुरगाठ दोन टप्प्यांत बसते. आधी एक साधा पेच, वर दोन वेटोळ्यांचा दुसरा पेच. पहिल्या वेळी उजवं टोक डाव्यावरून नेलं असेल तर दुसऱ्या वेळी डावं उजव्यावरून न्यायचं. दोन्ही वेळा एकाच दिशेने नेलं की गाठ कच्ची होते. ओळखायची खूण सोपी आहे: पक्क्या गाठीची वेटोळी कमरपट्टीला समांतर, आडवी बसतात. कच्च्या गाठीची वेटोळी वर-खाली उभी राहतात आणि थोडं धावल्यावर सुटतात. बुटाच्या लेसला हाच नियम लागू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी गाठ सैल होते आणि हलणारी टोकं तिला ओढून सोडवतात. धावत्या मुलाच्या लोंबत्या नाडीचं तेच होतं, म्हणून टोकं चड्डीच्या आत खोचायची जुनी सवय बरोबर होती.

निरगाठीचं कारण बहुधा पाणी असतं. सुती धागा भिजला की फुगतो, आणि आधीच आवळलेल्या गाठीत फुगायला जागा नसते. सुटेना म्हणून मूल टोक ओढतं, ते नेमकं चुकीचं टोक निघतं, आणि गाठ आणखी कसली जाते. अशी गाठ ओढून सुटत नाही. टोकाची नाडी गाठीच्या आत ढकलायची, म्हणजे एक वळण किंचित सैल पडतं. त्यात सेफ्टी पिनेचं टोक किंवा दाभण घालून ते वळण वर उचलायचं. गाठ ओली असेल तर आधी फडक्यात दाबून पाणी टिपून घ्यावं.

नायलॉनची किंवा सॅटिनची चकचकीत नाडी यावर उपाय म्हणून आली. ती फुगत नाही, पण इतकी गुळगुळीत असते की गाठ धरत नाही. मुलांसाठी विणलेली चपटी सुती नाडी, अर्धा इंच रुंद, हीच सर्वांत चांगली.

## खांद्यावरून टांगलेली चड्डी: गॅलिस

खांद्यावरून जाणारे दोन पट्टे म्हणजे गॅलिस. शरीराच्या हिशेबाने पाहिलं तर लहान मुलासाठी हीच सर्वांत योग्य रचना आहे. कंबर नसली तरी खांदे असतात. चड्डीचं वजन खांद्यावर गेलं की कमरपट्टी एक-दीड इंच सैल ठेवता येते, पोट मोकळं राहतं, आणि जेवणानंतर काही सोडावं लागत नाही.

युरोपात हा विचार बराच आधी झाला होता. साधारण १७८० नंतरची चाळीस-पन्नास वर्षं तिथल्या खात्यापित्या घरातल्या मुलांची उंच कमरेची विजार सरळ अंगरख्याला बटणांनी जोडलेली असे. कमरेभोवती बटणांची रांग आणि विजारीचं सगळं वजन अंगरख्यातून खांद्यावर. लंडनच्या अल्बर्ट थर्स्टन या कंपनीने १८२० मध्ये मोठ्या माणसांसाठी खांदेपट्टे करायला सुरुवात केली. मार्क ट्वेन या नावाने लिहिणाऱ्या सॅम्युएल क्लेमेन्स यांनी १८७१ मध्ये कपड्याला बटणांनी लावायच्या आणि काढता येणाऱ्या पट्टीचं अमेरिकी पेटंट घेतलं होतं. इंग्लंडमध्ये १९०८ पासून मुलांसाठी ‘लिबर्टी बॉडिस’ नावाची जाड विणीची बंडी मिळू लागली. तिच्यावर उभ्या पट्ट्या शिवलेल्या असत आणि खालच्या काठाला बटणं. चड्डी आणि लांब मोजे त्या बटणांना टांगायचे. उभ्या पट्ट्या वजन थेट खांद्यापर्यंत पोहोचवत, म्हणून बंडीचं कापड ताणून फाटत नसे.

आपल्याकडे गॅलिस इंग्रजी अमलात आले आणि शाळेच्या गणवेशात स्थिरावले: मुलग्यांच्या चड्डीला, आणि त्याहून जास्त काळ मुलींच्या निळ्या स्कर्टला. दुकानात ‘बाबासूट’ म्हणून मिळणाऱ्या जोडीत ते अजून दिसतात, पण बहुतेकदा शोभेपुरते, अरुंद इलॅस्टिकचे आणि चिमट्यांचे. कामाचे गॅलिस वेगळे असतात.

कामाचा गॅलिस चड्डीच्याच कापडाचा, दुहेरी, सव्वा इंच रुंद. लांबी मोजायची तर टेप पुढच्या कमरपट्टीपासून त्याच बाजूच्या खांद्यावरून पाठीवर तिरका नेऊन विरुद्ध बाजूच्या मागच्या पट्टीपर्यंत धरायचा, आणि वर चार इंच वाढवायचे. दोन ते सात या वयात मूल वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर उंच होतं, त्यामुळे चार इंच बऱ्यापैकी पुरतात. पुढच्या टोकाला एक-एक इंचावर तीन काजं ठेवली की मूल वाढेल तसं बटण पुढच्या काजात घालायचं. मागची बटणं मध्यापासून दोन्हीकडे दीड-दोन इंचांवर लावावीत. ती फार बाजूला गेली की पट्टा खांद्यावरून उतरतो.

पट्टा उतरणं ही गॅलिसची नेहमीची तक्रार. लहान मुलाचे खांदे अरुंद आणि उतरते असतात. पट्टे पाठीवर फुलीसारखे एकमेकांवरून नेले आणि फुलीच्या जागी चौकोनी टीप मारली, तर ते मानेकडे ओढले जातात आणि जागेवर राहतात. नुसते समांतर पट्टे टिकत नाहीत; टिकवायचे असतील तर छातीवर एक आडवी पट्टी जोडावी लागते, जशी जर्मनीच्या दक्षिण भागातल्या मुलांच्या चामडी चड्ड्यांना असते.

दुसरी तक्रार बटण तुटण्याची. बटण कापडाला चिकटवून शिवलं तर पट्ट्याची जाडी त्याच्याखाली मावत नाही, दोरा सतत ताणात राहतो आणि कातरला जातो. बटण शिवताना मध्ये आगपेटीची काडी ठेवायची, नंतर ती काढून मोकळ्या दोऱ्याभोवती तोच दोरा पाच-सहा वेळा गुंडाळायचा. बटणाला देठ तयार होतो. आतल्या बाजूने एक छोटं सपाट बटण लावलं तर कापडही फाटत नाही.

## पट्टा, बकल आणि थोरल्याची चड्डी धाकट्याला

खाकी चड्डी आणि पांढरा सदरा हा जिल्हा परिषदेच्या शाळांतला गणवेश पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरला. खाकी ड्रिलचं कापड जाड आणि जड. खिशात गोट्या पडल्या की आणखी जड, आणि पावसात भिजली की विचारायलाच नको. पुढे बटणं, आतून हूक, आणि बाहेरून पट्टा. पहिली-दुसरीतल्या मुलाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही चड्डी पोटाखाली येते, कारण वर सांगितलेलं: अडवायला खाली काही नाही. या वयाला पट्ट्यापेक्षा मागच्या बाजूला पाच-सहा इंच इलॅस्टिक घातलेली कमरपट्टी किंवा बाजूची बकलं उपयोगी, कारण माप रोज थोडं कमी-जास्त करता येतं.

थोरल्याची चड्डी धाकट्याला घालायची तर पुढे सेफ्टी पिन लावून काम भागवतात. त्याने पुढची बटणपट्टी तिरकी होते, आणि पिन उघडली तर पोटाला टोचते. त्याऐवजी मागच्या मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन इंचांवर एकेक चुणी घालावी, प्रत्येक चुणीत पाऊण इंच कापड दुमडावं आणि हाताने पक्का धावदोरा घालावा. दोन्ही चुण्या मिळून तीन इंच कमी होतात, कारण दुमडलेलं कापड दुहेरी मोजलं जातं. पुढच्या वर्षी दोरा उसवला की चड्डी पुन्हा मूळ मापाची.

जुने शिंपी वाढत्या मुलाची चड्डी शिवताना मागच्या मधल्या शिवणीत एक-दीड इंच माया ठेवत, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड दाबून ठेवत. मापाला घट्ट झाली की तेवढीच शिवण उसवून पुढे घ्यायची. तयार कपड्यांत माया पाव-अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसते, त्यामुळे ते वाढवता येत नाहीत. मुलांचे कपडे लवकर टाकून द्यावे लागतात याचं हे मोठं कारण आहे, आणि ते वाईट आहे.

## इलॅस्टिक जिंकलं, पण सैल का पडतं?

रबराच्या पट्ट्या कपड्यात घालायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या थॉमस हॅन्कॉक यांनी हातमोजे, मोजे आणि खांदेपट्टे यांत रबर वापरण्याचं पेटंट १८२० मध्येच घेतलं होतं. पण ते रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट व्हायचं. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळालं, आणि मग रबराच्या धाग्यांवर सूत गुंडाळून पट्टी विणणं व्यवहारात आलं. १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट या अमेरिकी कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा कृत्रिम ताणधागा तयार केला. लायक्रा म्हणून आपण ओळखतो तो हाच.

इलॅस्टिक जिंकलं ते टिकाऊपणामुळे नव्हे, तर मुलाच्या हातांमुळे. अडीच-तीन वर्षांचं मूल इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली-वर करू शकतं. मोठं बटण त्यानंतर जमतं, आणि सुरगाठ साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत जमत नाही. बालवाडीत एका बाईंकडे वीस मुलं असतील तर हा फरक फार मोठा असतो.

सैल पडण्याचं कारण अनेकदा शिलाईतच असतं. तयार चड्डीत इलॅस्टिक ताणून त्याच्यावरून तीन-चार टिपा मारतात. प्रत्येक टाक्याला सुई आतले ताणधागे तोडते आणि इलॅस्टिक पहिल्या दिवसापासून अर्धमेलं असतं. शिवाय ते बदलता येत नाही. नेफ्यात मोकळं ओवलेलं इलॅस्टिक जास्त टिकतं आणि वीस मिनिटांत बदलता येतं. कंबर २१ असेल तर २० इंच कापायचं, एक इंच एकमेकांवर ठेवून फुलीची टीप मारायची. वापरात १९ राहतं. रुंदी पाऊण ते एक इंच. नेफा इलॅस्टिकपेक्षा फक्त एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, मोठा ठेवायचा. जास्त मोठा ठेवला तर इलॅस्टिक आत पालथं होतं आणि दोरीसारखं रुततं. दोन्ही कडेच्या शिवणींवर एकेक उभी टीप मारली की ते पालथं व्हायचं थांबतं.

नैसर्गिक रबराला उष्णता, कडक ऊन आणि तेल बाधतं. अंगाला तेल लावल्यावर तीच चड्डी घालणं, कमरपट्टीवरून इस्त्री फिरवणं, दुपारभर उन्हात ताणून वाळत घालणं, या तिन्हींनी इलॅस्टिक आधी चिकट आणि मग ठिसूळ होतं. स्पॅन्डेक्स तेलाला जास्त टिकतं, पण क्लोरिनच्या ब्लीचने ते खराब होतं.

## मग ती खोटी नाडी?

लोंबती दोरी लहान मुलाला अडकते. अमेरिकेत जॅकेटच्या टोपीच्या दोऱ्या घसरगुंडीत आणि कमरेच्या दोऱ्या शाळेच्या बसच्या दारात अडकून मुलं दगावल्यावर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या वरच्या कपड्यांसाठी सूचना काढल्या: गळ्याशी दोरी नको, कमरेची दोरी नेफ्याबाहेर तीन इंचांपेक्षा लांब नको, टोकाला गाठ किंवा मणी नको, आणि अखंड दोरी मध्यावर टाक्यांनी पक्की केलेली हवी. युरोपने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी २००४ मध्ये ‘ईएन १४६८२’ हे मानक आणलं, त्यात पुढे सुधारणा झाल्या. त्यात सात वर्षांखालची मुलं आणि त्यावरची मुलं यांचे नियम वेगळे आहेत, आणि चड्ड्या-पँटही येतात.

निर्यातीसाठी शिवणाऱ्या कारखान्याला हे पाळावंच लागतं. लोंबती टोकं मोजत बसण्यापेक्षा इलॅस्टिक घालून वर शोभेची नाडी शिवून टाकणं सोपं. म्हणून ती सुटत नाही, आणि सुटू नये हेच बरोबर आहे.

## पण नाडीत तर आपण सगळे वाढलो?

वाढले, कारण ती नाडी सदऱ्याखाली आत खोचलेली असे आणि मुलं बसच्या दारात लटकत नसत. पण दाबाची गोष्ट तेव्हाही होती. कमरेच्या एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या धोतरामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचं वर्णन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलं. तो विकार कित्येक दशकांच्या घर्षणाने मोठ्या माणसांना होतो, मुलांना नाही. मुलांच्या बाबतीत घाबरण्याचं कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याचंही नाही. चड्डी काढल्यावर लाल रेघ अर्ध्या तासानेही दिसत असेल, कातडी काळवंडली असेल किंवा मूल तिथे खाजवत असेल, तर पट्टी घट्ट आहे. इलॅस्टिक एक इंचाने वाढवावं.

## आणि गॅलिस मुलाला स्वतः काढता येत नाहीत, त्याचं काय?

ही खरी अडचण आहे. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला रोजच्या वापरासाठी गॅलिस देऊ नयेत. पण लग्नकार्याला घातलेली जड कापडाची विजार, किंवा फार बारीक अंगाच्या मुलाचा गणवेश, जिथे इलॅस्टिक आवळूनही चड्डी उतरते, तिथे गॅलिसला तोड नाही. तेव्हा पुढच्या बाजूला काजांऐवजी मोठी प्रेसबटणं लावावीत. मुलाला ती एका हाताने ओढून सोडता येतात आणि मागचं फुलीचं टोक खांद्यावर तसंच राहतं. परत लावायला मोठ्या माणसाची मदत लागते, पण घाईची वेळ तोवर निभावलेली असते.

शिंप्याकडे माप देताना मुलाला जेवण झाल्यावर न्यावं आणि टेप बेंबीच्या रेषेवर न धरता बोटभर खाली, चड्डी जिथे खरोखर बसते तिथे, धरायला सांगावं. मूल श्वास रोखून पोट आत घेतं; ते बोलत असताना माप घ्यावं.